हातभर जुनी माती

नवं घर घ्यावं की जुनं, असं तुम्ही मला विचारताय, म्हणून सांगतो. एरवी मी ही गोष्ट कोणापुढे काढत नाही. काढली की लोक म्हणतात, मास्तरला ऊन लागलं.

एकतीस साल. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या शाळेवर माझी नुकतीच बदली झाली होती. माझी बायको कौसाबाई तिसऱ्या महिन्यात होती. आधीची दोन्ही पोरं जन्मतःच गेलेली, आणि दोन्ही जुन्या भाड्याच्या घरांत. हे तिसरं जगावं, एवढी एकच गोष्ट आम्हा दोघांच्या डोक्यात होती. तिने मला बजावून ठेवलं होतं, ज्या घरात कोणी मेलंय, त्या घरात मी बाळंत होणार नाही.

आता असं घर आणायचं कुठून? महिनाभर मी वणवण केली. दोधू पाटलाचं जुनं घर मला पसंत होतं. दीड हात रुंदीच्या भिंती, सागाचे खांब, उन्हाळ्यातही आत गारवा. चाळीस पावसाळे काढलेलं घर, त्याच्यात नवीन काय बिघडणार? पण कौसाने उंबऱ्यातच विचारलं, "आठे कोन कोन मरेल शे?"

दोधू पाटील सरळ माणूस. म्हणाला, "बाई, मानसं मरतस ते घरमाच मरतस ना. वावरमा कोन मराले जास?"

झालं. ती पदर सावरून परत फिरली. मी रस्ताभर चिडचिड केली, पण पोटुशी बाईशी भांडून उपयोग काय?

दुसरं घर पितांबर मिस्तरीचं, गावाबाहेर शहाद्याच्या वाटेवर. अजून पुरतं बांधूनही झालेलं नव्हतं. भिंती उभ्या होत्या, वर तुळया आणि फळ्या टाकून झाल्या होत्या, त्यांवर धाब्याची, म्हणजे सपाट छताची, माती टाकायची बाकी होती. भिंतींना वाळतानाच तडे गेलेले. शेजार नाही, झाड नाही, विहीर लांब. पण तिथे कोणी मेलेलं नव्हतं, कारण कोणी राहिलेलंच नव्हतं. कौसा त्या ओल्या भिंतीला हात लावून हसली. गेल्या दोन वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. घेतलं घर.

माझी धास्ती एकच, गळतीची. बाळंतपण भाद्रपदात येणार आणि बाळंतिणीच्या अंगावर धाबं गळायला लागलं तर? मी पितांबरला खोदून खोदून विचारलं. तो वैतागून म्हणाला, "नही गळाव, मास्तर. वावरनी नवी माती पानी धरस नही, भेगाळस. धाबाले जुना घरनी पांढरी माती लागस. गावमा एक पडेल घर शे, तठली टाकस."

आमच्याकडे ही रीतच आहे. पडक्या घराची माती धाब्याला सगळ्यात पक्की. मी खुशीत मान डोलावली, वर हातभर जाड टाक असंही सांगितलं. कौसाला बोललो नाही. मातीचं काय सांगायचं, असं वाटलं.

वैशाखात राहायला गेलो. उन्हाळ्याची सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी मी घरीच असायचो. तिसऱ्या दिवशी जेवून आडवा झालो होतो. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात डोक्यावर काहीतरी सरकलं. जड अंगाचं माणूस बसल्या बसल्या कूस बदलतं, तसं. मग थांबलं. मग पुन्हा. एक लांब कण्हणं आलं... आणि फळीच्या फटीतून बारीक माती माझ्या छातीवर पडली.

वास आला तो ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत असतो ना, तोच. आमच्या घरात ओवा अजून आणलेलाही नव्हता.

शिडी लावून वर गेलो. धाब्यावर चिटपाखरू नव्हतं. माती अशी तापलेली की पाय टेकवेना. फक्त मधोमध, एक माणूस निजेल एवढी जागा... हात लावला तर गार आणि ओली.

तसाच पितांबरकडे गेलो. "माती कोणाच्या घराची?"

"गोविंद गुजरना घरनी," तो म्हणाला. "मानमोडीनी साथना सालमा आख्खं घर गयं. धाकली वहू तेवढी मांगे ऱ्हायनी. पोटसी व्हती, नववा महिना. ती बी गयी, ते गावमा उचलाले बी कोनी नव्हतं, मास्तर. मांगतून घर पडनं, ते... तिनावरच पडनं."

"अरे, मग हे आधी सांगता आलं नाही तुला?"

"तुम्ही इचारं, गळी का? मी सांगं, नही गळाव."

मी कपाळावर हात मारून घेतला. जुन्या घराचा गारवा हातचा गेला, शेजार गेला, विहीर गेली, आणि ज्याच्या भीतीने हे सगळं सोडलं, तेच मी सांगून सवरून हातभर जाड डोक्यावर घेतलं होतं. नव्याचे तडे माझे, जुन्याचं मढंही माझं!

दुसऱ्या दिवशी कुदळ आणली. सगळी माती खरवडून तापीत टाकायची, मग पाऊस आत येवो की पूर येवो. शिडीवर पाय ठेवला, तर कौसा आडवी आली.

"तिले उठाडू नका," ती हळूच म्हणाली.

"कोणाला?"

"वरनीले. दुपारले आम्ही बोलतस ना. तिना दिवस भरत उनात."

मी शिडीवरून पाय काढला. "कौसा, तूच म्हणत होतीस ना, मेलेलं माणूस नको म्हणून?"

"पन तिनं बाळतपन राही गयं ना हो..." ती वर बघत म्हणाली. "माले भ्या नही वाटस. ती सांगस, दोन्हीसनं संगेच व्हई."

मी ओरडलो, हात जोडले, माहेरी जा म्हणालो. ती उंबऱ्यातून हलेना. ओढून न्यायला गेलो तर पोट धरून खाली बसली, आणि मी घाबरून हात सोडला. आधीची दोन गेलेली. तिसऱ्याला धक्का लागला तर? त्या भीतीने मला पांगळं केलं.

पावसाळा आला. चार महिने झोडपलं त्याने. मेलं धाबं, एक थेंब गळलं नाही.

भाद्रपदात, भर दुपारी, तापीबाई सुईण आत होती आणि मी ओट्यावर. तास गेला, दोन तास गेले. शेवटी रडणं ऐकू आलं आणि मीही रडलो. तापीबाई हात पुसत बाहेर आली.

"आंडेर शे, मास्तर. मायलेकी दोन्ही बऱ्या शेतस." मग ती जवळ आली. कानाशी म्हणाली, "रडनं दोनदाव ऐकू उनं... पोर एकच शे." त्यानंतर तिने आमच्या घरात पाऊल टाकलं नाही.

सहाव्या दिवशी शाळेतून लवकर आलो. कौसा भिंतीला टेकून पोरीला पाजत होती. पोरगी तुकतुकीत, गोरीपान, माझ्या आईच्या तोंडवळ्याची. पिऊन झाल्यावर कौसाने तिला माझ्या हातात दिली आणि ती माझ्या दंडावर लगेच झोपली. मला वाटलं, संपलं सगळं. जगली पोर. आता काय हवं?

कौसाने कूस बदलली. दुसऱ्या अंगाला पदर ओढून घेतला आणि हाताचा वेढा केला.

"ती झोपली," मी म्हणालो. "आता तूही पड जरा."

"थांबा ना जरासं," ती मान वर न करता म्हणाली. "हाई आजून भुकी शे."

माझ्या हातातली पोर शांत झोपलेली होती. आणि त्या पदराखालून चुटूचुटू पिण्याचा आवाज येत होता.