न धुतलेला पेला

"उद्याच्या वर्धापनदिनाआधी पेला सापडला नाही, तर चर्चची मंडळी फुटेल," उत्कर्षा म्हणाली.

सोलापूरच्या खासगी गुप्तहेर भुवनेश्वरी हिरेमठ कुर्डुवाडीच्या त्या छोट्या चर्चमधलं लोखंडी कपाट न्याहाळत होत्या. सोबत निवृत्त हवालदार हिंदुराव.

उत्कर्षाचे वडील, चर्चचे पाळक आप्पा, गेल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देता देता कोसळले आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ही मंडळी सुरू केली ती शेजारच्या चंद्रव्वाच्या गोठ्यात, तिनंच दिलेल्या पितळी पेल्यावर. आज कपाट उघडलं, तर पेल्याची पेटी रिकामी.

"कुलूप धड हाय," हिंदुराव म्हणाले. "किल्ली कुणाकडं?"

"माझ्याकडे," दारातून अमरेश म्हणाला. तो मंडळीचा पंच. मोठी इमारत हवी म्हणून आप्पांशी भांडलेला. "निम्मी मंडळी मला चोर म्हणतेय. पण आप्पांना गाडीत मीच घातलं. ताई तेव्हा पुण्यात होत्या."

उत्कर्षानं मान खाली घातली.

"कपाटाला कुलूप कधी लावलंत?" भुवनेश्वरींनी विचारलं.

"दवाखान्यातून आल्यावर. टेबल आवरलेलं होतं, पेटी जागेवर होती."

"उघडून पाहिली?"

"कशाला पाहू?"

"उत्कर्षा, पेल्यात उरलेल्या द्राक्षरसाचं काय करतात?"

"आप्पा स्वतः पितात." ती थांबली. "प्यायचे. गटारात ओतू देत नसत, दुसऱ्या कुणाला पिऊही देत नसत."

टेबल चंद्रव्वानं आवरलं होतं. तिचं घर चर्चच्या मागेच. अमरेशला तिथंच सोडून तिघं तिकडे गेली.

"ये गं लेकी," म्हातारी उत्कर्षाला म्हणाली. "चहा बी न्हाय बघ. आप्पा गेल्यापासनं चूल पेटवली न्हाय. शेजारीण भाकरी देती."

हिंदुरावांनी वास घेतला. "आंबोळीचं पीठ भिजवलंय व्हय, आज्जी?"

भिंतीवरून मुंग्यांची रांग पांढऱ्या फडक्यानं झाकलेल्या कोनाड्याकडे चालली होती.

"तुम्ही काय काय धुतलंत?" भुवनेश्वरींनी विचारलं.

"ताटं धुतली. पेला न्हाय धुतला."

"हिंदुराव, अमरेशना बोलवा."

अमरेश आल्यावर भुवनेश्वरी शांतपणे म्हणाल्या, "कुलूप शाबूत राहिलं, कारण पेला कपाटात परत गेलाच नव्हता. अमरेशनी फक्त बंद पेटी पाहिली. आप्पा कोसळले तेव्हा पेल्यात रस होता. धुवायचा तर तो ओतावा लागणार. ओतायची मनाई, प्यायचीही मनाई. म्हणून ताटं धुतली गेली, पेला नाही. या घरात चूल बंद आहे, म्हणजे पीठ कुठलं? मग हा आंबूस वास कशाचा? आणि मुंग्या कोनाड्यात काय शोधतायत?"

चंद्रव्वानं फडकं काढलं. आत पेला, तळाशी काळपट रस.

"आप्पा दवाखान्यातनं येऊन पितील म्हटलं," ती रडू लागली. "आलेच न्हाईत. मग समदी चोरी म्हणाया लागली, भ्या वाटलं. पेला माझाच व्हता, पर एकदा दिल्यावर माझा कसला?"

"म्हंजे चोर कुणीच न्हाय?" हिंदुराव पुटपुटले.

अमरेशनं पेल्याकडे हात नेला आणि मागे घेतला. "आता हे कुणी..."

उत्कर्षानं पेला दोन्ही हातांत धरला आणि चंद्रव्वाला सोबत घेऊन कबरस्तानात गेली. अमरेश मागोमाग आला. आप्पांच्या कबरीची माती अजून भुसभुशीत होती. तिनं रस हळूहळू तिच्यात मुरू दिला.

"तुमचा राहिला होता, आप्पा."

मग रिकामा पेला तिनं चंद्रव्वाच्या हाती दिला.

"आता धुऊया, आज्जी. उद्या लागेल."

"पितळ हाय, चिंच लागंल," म्हातारी म्हणाली.

"मी आणतो," अमरेश म्हणाला आणि बाजाराकडे वळला.