पौर्णिमेपर्यंतचं शहाणपण

"अक्का, पान स्वल्प सावकाश उलटा की. माझ्या दोन ओळी राहिल्यात."

व्हाइटफील्डहून निघालेली संध्याकाळची मेट्रो. मी दाराजवळच्या दांड्याला टेकून वाचत होते, आणि माझ्या खांद्यामागून कुणीतरी तेच पान वाचत होतं. मी रागानं वळून पाहिलं. उंच, किडकिडीत मुलगा, काखेत कॅलेंडरांची गुंडाळी, आणि चेहऱ्यावर ओशाळलेपणाचा मागमूस नाही.

"मी तुमची अक्का नाही."

"सरी, बरं. मग नाव सांगा."

मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. पण मॅजेस्टिकला गाडी बदलली तर तोही माझ्या मागोमाग मल्लेश्वरमच्या गाडीत. तोवर त्यानं स्वतःचं नाव सांगून टाकलं होतं — शंभूराज. घरची चारशे वर्षांची बंगळूरची वस्ती, मल्लेश्वरमला छापखाना, पंचांगं आणि कॅलेंडरं छापायचा धंदा. "घरी मराठी बोलतो आम्ही, पण वाचायला मिळत नाही. छापलेली मराठी दिसली की राहवत नाही मला."

"दुसऱ्याच्या पुस्तकातसुद्धा?"

"दुसऱ्याच्याच पुस्तकात जास्त."

मला हसू आलं आणि हसले याचा रागही आला. शेवटी मी नाव सांगितलं. शाल्मली उजागरे, मूळची नगरची, नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. पुस्तक कसलं म्हणाल, तर बायबलमधलं नीतीच्या वचनांचं. एकतीस अध्याय, म्हणून त्या त्या तारखेचा अध्याय वाचायचा आणि महिना संपला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या नगरच्या चर्चमध्ये बऱ्याच घरांत हा रिवाज आहे.

"रोज तेच तेच? कशाला?"

"शहाणं व्हायचंय मला."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

मला खरंच शहाणं व्हायचं होतं. हुशार माणसं आमच्या ऑफिसात पैशाला पासरी होती. न झालेलं काम झालं म्हणायचं, चूक दिसली की तिला गोड नाव द्यायचं, आणि हे सगळं इतक्या सफाईनं की ऐकणाऱ्याला गार वाटावं. मी ठरवलं होतं, आपलं बोलणं सरळ ठेवायचं. मग कुणी काही म्हणो.

त्यानंतर शंभूराजला व्हाइटफील्डची कामं भलतीच निघू लागली.

"एवढी कॅलेंडरं कोण घेतं हो जुलैत?" मी एकदा विचारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मी नुसता तुमच्या गाडीची वेळ गाठतो."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. काचेवर भुरभुर पाऊस होता, आणि काचेत तो माझ्याकडे बघत होता... मग आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो, तेही कळलं नाही. त्यानंही ते पुस्तक आणलं आणि माझ्याबरोबर वाचायला लागला. गंमत अशी की आमचं कधी जुळायचंच नाही. मी रागावर ताबा ठेवण्याबद्दल बोलायची, तर तो आळशी माणसाला मुंगीकडे पाठवायचा. मला वाटायचं, हा वाचत नाही, नुसता माझ्याशी बोलायला निमित्त शोधतो. त्याचा राग येण्याऐवजी बरंच वाटायचं, हेही खरं.

मग एका संध्याकाळी, मल्लेश्वरमच्या स्टेशनबाहेर छत्री उघडता उघडता तो म्हणाला, "आईला तुला भेटायचंय."

मी माझी छत्री उघडायचीच विसरले.

"फक्त एक..." तो छत्रीच्या दांड्याशी चाळा करत राहिला. "ख्रिश्चन आहेस ते लगेच नको सांगायला. शाल्मली उजागरे — कुणाला काय कळतंय? लग्न होऊ दे, मग स्वल्प स्वल्प सांगू."

"नाही."

"ऐक तरी..."

"शंभू, मी तुझ्या देवांना नावं ठेवणार नाही आणि तूही माझा देव लपवायचा नाहीस. मी येईन ती आहे तशी येईन."

"आणि आई नाही म्हणाली तर?"

"तर मी रडेन. खूप रडेन. पण खोटं बोलून मिळवलेला होकार मला नको." माझा आवाज कापत होता, म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलले. "इतके दिवस वाचून एवढंच शिकलास?"

"वाचलंय की सगळं. पौर्णिमेपर्यंतचं."

"पौर्णिमेपर्यंतचं?"

"आज चतुर्थी, म्हणजे चौथा. पौर्णिमेला पंधरावा. मग परत प्रतिपदेपासून पहिला... असंच ना?"

मी त्याला नुसतं 'त्या दिवसाचा अध्याय' एवढंच म्हटलं होतं, आणि पंचांगं छापणाऱ्या घरातल्या या मुलानं तिथी धरली होती. सोळाव्या अध्यायाचं त्यानं तोंडही पाहिलं नव्हतं. मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले.

"अर्धंच वाचलंस तू," मी म्हटलं. "उरलेलं वाच. मग मला भेट."

तो भेटला नाही. गाडीत नाही, स्टेशनवर नाही. फोनही नाही. मी रोज तारखेचा अध्याय वाचायची, आणि एक ओळसुद्धा डोक्यात शिरायची नाही. आपण फार ताणलं का? एकदा नाही, शंभरदा मनात आलं. पण शब्द मागे घ्यावासा काही वाटला नाही.

रविवारी चर्चमधून बाहेर पडले तर तो फाटकाशी उभा. दाढी वाढलेली.

"शेवटचा अध्याय आईनं मुलाला सांगितलेला आहे," तो एकदम म्हणाला. "कशी बायको कर, ते. मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. तिला फार आवडला. विचारलंन, कुठल्या पोथीतला रे? तेव्हा सांगितलं. पोथीचं, आणि तुझंही."

"मग?"

"दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आज म्हणाली, घेऊन ये. हो म्हणालेली नाही, शाल्मली. नुसतं घेऊन ये म्हणाली."

मी तशीच गेले, चर्चच्या साडीत, हातात ते पुस्तक घेऊन.

त्याच्या आईनं, रत्नाबाईंनी, मला समोर बसवलं. शंभूला त्यांनी कॉफी करायला आत पिटाळलं आणि मला नीट न्याहाळलं.

"आमच्या घरात दिवा लागतो, आरती होते," त्या म्हणाल्या. "तू हात जोडशील?"

"तुमच्या मानासाठी उभी राहीन, काकू. पूजा मी नाही करणार. आणि रविवारी चर्चला जाईन."

"बाकीच्या मुली 'सरी अम्मा, तुम्ही म्हणाल तसं' म्हणाल्या असत्या."

"मलाही तसं म्हणावंसं वाटतंय. फार वाटतंय. पण ते खरं नाही."

त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"एवढा हट्ट आहे, तर माझ्या दारात आलीस कशाला?"

"माझं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून," मी म्हटलं. "त्याला अजून सांगितलेलं नाही मी."

स्वयंपाकघराच्या दारात भांडं वाजलं. शंभू कॉफीचे पेले घेऊन उभा होता, आणि अर्धी कॉफी त्याच्या शर्टावर होती.

रत्नाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"कळलं त्याला आता," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या. "बस. कॉफी मी करते. सासूच्या हातची पी."