सात नंबरच्या पेशी

घाटकोपरच्या आमच्या हॉस्पिटलातल्या छोट्या रक्तपेढीत अकरा जणांच्या लाल पेशी ठेवलेल्या असतात. पेशंटचं रक्त कुणाच्या पेशींशी गुठळी करतं, त्यावरून त्याला कुठलं रक्त चालणार नाही ते आम्ही ओळखतो. सात नंबरच्या पेशी माझ्या नवऱ्याच्या, सुबोधच्या. त्याच्या घराण्यातली एक दुर्मीळ खूण त्यांच्यावर आहे, म्हणून दर महिन्याला तो हौसेने येऊन पाच मिली देऊन जातो.

त्या दुपारी वॉर्डातून शर्मिष्ठा नावाच्या बाईचं सॅम्पल आलं होतं. नळी हाताला कोमट लागली. तपासणीत दहा नळ्या शांत राहिल्या, सातवीत गुठळी झाली. मी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. एसी चालू असताना कुठूनसा ओल्या दुपट्याचा वास यायला लागला.

त्या खुणेवर रक्त असं चिडतं ते दोनच कारणांनी. एक तर तसलं रक्त चढवलेलं असतं, नाहीतर ती खूण असलेल्या पुरुषाचं मूल पोटात वाढलेलं असतं. फॉर्मवर लिहिलं होतं, रक्त कधीही चढवलेलं नाही.

दोष त्याच्यात आहे, आम्हाला मूल होणार नाही, असं सुबोध आठ वर्षं सांगत आला होता. त्याची लाज राखायला सासूसमोर तो दोष मी माझ्या माथी घेतला होता.

मी वॉर्डात फोन लावला. एव्हलिन सिस्टरने उचलला.

"ऋता, ती बाई तीन वर्षांपूर्वी इथेच गेली ना गं... बाळंतपणात. बाळ पण नाही वाचलं."

मग सुबोधला लावला. फक्त तिचं नाव घेतलं.

"तुला... कोणी सांगितलं?"

"तुझ्या रक्तानेच."

ती गेली आणि विषय संपला, म्हणून बोललो नाही, असं काहीतरी तो पुटपुटत राहिला. मी फोन ठेवला. दुसरी बाई मी एकवेळ सोसली असती. पण आठ वर्षं मी ज्याचे डोळे पुसले, तो माणूस मला फसवत होता.

नवजात बाळाला नाव नसतं, म्हणून आम्ही त्याच्या नळीवर आईचं नाव लिहितो. वळून पाहिलं तर रॅकमध्ये मघाशी नसलेली एक छोटी नळी उभी होती. 'शर्मिष्ठाचं बाळ', तारीख आजची. तीही कोमट होती.

खाली फॉर्म होता, माझ्याच अक्षरात भरलेला. नातेवाइकाच्या रकान्यात 'ऋता' होतं आणि नात्यापुढे 'आई'.