गाडीत कोण कोण बसणार?

लालबागच्या आमच्या गल्लीत लांब गाडी घेऊन शिरणारा माणूस एकतर टेम्पोवाला असतो, नाहीतर मोबाइलमधल्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा. विहंग दुसऱ्या प्रकारातला होता.

आषाढातली दुपार होती. मी गाळ्यात बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खात होते, तेवढ्यात बाहेर हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. बघते तर एक जुनी स्टेशन वॅगन, पुढून मोटार आणि मागून माजघर, नारळवाल्याची हातगाडी आणि आमची पायरी यांच्या मधोमध फसलेली. चालवणारा खाली उतरून तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. उंच, चष्मा, पावसाने चिकटलेले केस. प्रदक्षिणा घालून गाडी निघत नाही हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

"चावी द्या," मी म्हटलं.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. हात सुकटीने माखलेला होता.

"स्टिअरिंगला वास लागेल," तो चाचरत म्हणाला.

"गाडी इथेच सोडून जाणार असाल तर नाही लागणार."

त्याने चावी दिली. वरच्या गॅलरीतून राधाबाई 'येऊ दे, येऊ दे, बस' करायला लागल्या. राधाबाईंना साधी सायकल येत नाही, पण आमच्या गल्लीतली प्रत्येक गाडी त्यांच्याच हुकमाने मागे जाते. मी वॅगन मोकळी करून दिली आणि आता हा निघून जाईल म्हणून भाकरीकडे वळले. पण तो उभाच. आमची पाटी वाचत. 'परब फॅब्रिकेशन. ग्रिल, शटर, ट्रॉली.'

"ट्रेलर ओढायचा हुक बसवता का हो तुम्ही? गाडीच्या मागे?"

तो खरं तर दोर घ्यायला कॉटन ग्रीनला निघाला होता. कफ परेडच्या मच्छीमार नगरात त्याची शिडाची छोटी होडी ठेवलेली होती. नारळी पौर्णिमा झाली की ती ट्रेलरवर घालून मालवणजवळ तारकर्लीला न्यायची आणि तिथे मुलांना शिडाची होडी शिकवायची, असा बेत. नोकरी ठरली होती. परत कधी येणार, तर ते ठरलेलं नव्हतं.

बाबांना हे ऐकून मोठा अचंबा वाटला. आमच्या तीन पिढ्या मालवण सोडून मुंबईत टिकायला धडपडल्या आणि हा गिरगावचा पोरगा उलटा चालला होता.

"एकटोच जातलंस मालवणाक?" बाबांनी विचारलं.

त्याला प्रश्न कळला, आणि उत्तरादाखल त्याने आपलं दुःखच सांगितलं. ते पाठारे प्रभू. त्यांना गावच नाही. मे महिन्यात चाळीतली सगळी मुलं आपापल्या गावाला पळायची आणि हा गिरगावात एकटा क्रिकेट खेळायचा, स्वतःच बोलिंग, स्वतःच बॅटिंग. आउट झालं तरी भांडायला कोणी नाही. हे सांगताना तो हसत होता, पण मला उगाचच वाईट वाटलं. वाईट वाटणं हे माझ्या बाबतीत चांगलं लक्षण नाही.

हुकाचं काम तसं सोपं. बंपरच्या खाली चेसिसला एक आडवा पाइप, त्याला एक उभी पट्टी, आणि पट्टीवर मोठ्या लिंबाएवढा लोखंडी गोळा. त्या गोळ्यावर ट्रेलरचं तोंड बसतं. सगळी गोम गोळ्याच्या उंचीत आहे. त्या दिवशी गाडीत जेवढी माणसं बसणार तेवढी बसवूनच माप घ्यावं लागतं, कारण जुन्या गाडीचं बूड पटकन बसतं. गोळा खाली गेला की ट्रेलर नाक खुपसून चालतो, वर राहिला की शेपूट डोलवतो.

"गाडीत कोण कोण बसणार?" मी विचारलं.

"मी एकटाच."

हे उत्तर मला नको तितकं आवडलं. मी बाबांना सांगून टाकलं की गोळा माप घेऊन वेल्डिंगनेच पक्का करू या. बाबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

गाळा लहान असल्यामुळे गाडीचं तोंड आत आणि मागचा भाग गल्लीत. मी गाडीखाली, माझे पाय गल्लीत, आणि विहंग बॅटरी धरायला. बॅटरी धरणं हे त्याला अजिबात जमत नव्हतं. नटावर उजेड टाका म्हटलं की तो माझ्या तोंडावर पडायचा.

"नट इथे आहे," मी सांगायचे.

"हो... दिसला," असं म्हणून तो पुन्हा माझ्याच तोंडावर.

मग पाऊस आला. पायांवर सपासप सरी बसायला लागल्या आणि थोड्या वेळाने अचानक बंद झाल्या. शेजारच्या पत्र्यावर तर पाऊस वाजतच होता. मी मान वळवून पाहिलं. दुमडलेली पँट, ओल्या सँडल आणि माझ्या दोन पायांवर मोठी काळी छत्री. छत्रीवाला स्वतः बाहेर, निथळत.

"तुम्ही भिजताय."

"तुमचे पाय भिजत होते."

"माझ्या पायांना काही होत नाही."

"मग मलाही काही होणार नाही," तो म्हणाला आणि दणकून शिंकला.

मी बोल्ट उलट्या बाजूला फिरवतेय हे मला बऱ्याच वेळाने कळलं. तो मला आवडला होता. झालं, लिहून टाकलं.

त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून मी माप घेतलं आणि वेल्डिंगचा एक टाका मारून ठेवला. पक्कं वेल्डिंग दुसऱ्या दिवशी करायचं होतं. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच हजर, चेहरा पाडून. म्हणाला, आईपण येणार म्हणतेय मालवणला. म्हणजे वजन वाढलं. मी टाका घासून काढला. त्याच्या शेजारी त्याच्या आईऐवजी सिमेंटची एक गोणी बसवून नवं माप घेतलं, नवा टाका मारला. दोन दिवसांनी पुन्हा स्वारी दारात. आता आत्यापण म्हणते. तोही टाका घासून काढला, मग आत्याचं नक्की होईना आणि आठवडे सरले.

मी वरवर कातावत होते. मनातून मात्र त्या न पाहिलेल्या आत्याला दुवा देत होते. तोवर आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो, त्याला सुकट आवडायला लागली होती आणि बाबा चहा सांगताना आपोआप एक कटिंग जास्त सांगत होते. पण तो काही बोलत नव्हता. बोलायला लागला की पोचायचा शिडापर्यंत, वाऱ्यापर्यंत, मग '...तर असं आहे' म्हणून गप्प. नारळी पौर्णिमा जवळ आली. हुक पक्का झाला की हा जाणार आणि मी इथे ग्रिलं जोडत बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. शेवटी माझाच तोल गेला. मी त्याला बजावलं, रविवारी गाडीत बसणारी झाडून सगळी माणसं घेऊन ये. एकदाच माप घेईन आणि एकदाच वेल्डिंग करीन.

तो कधी नव्हे तो गंभीर झाला. "एकदाच?"

"एकदाच."

रविवारी वॅगन आली ती भरून. त्याच्या शेजारी त्याची आई देविकाताई, कानात मोत्याच्या कुड्या. मागे दुर्गाआत्या, सकाळी सकाळी पैठणीत. आमच्या गल्लीत पैठणी म्हणजे काय ते मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मी दोघींना नमस्कार केला, उतरू नका म्हणून सांगितलं आणि टेप घेऊन गाडीखाली शिरले.

वर गॅलरीत मात्र राधाबाईंच्या ते बरोब्बर ध्यानात आलं. नटूनथटून गाडीभर माणसं, सोबत मुलगा, आणि गाडी थांबली परबांच्या दारात. त्यांनी माझ्या आईला गाठून सांगितलं, पोरीला बघायला आलेत. आमच्या आईचे पोहे एरवी रमतगमत होतात, त्या दिवशी बहुधा मोहरी तडतडायच्या आधीच झाले. गाडीखालून मला फक्त पाय दिसत होते. त्यात अचानक आईच्या ठेवणीतल्या चपला अवतरल्या.

आई अगत्याने खिडकीतून बश्या देत होती. देविकाताई संकोचून म्हणत होत्या की गॅरेजमध्ये एवढं कोण करतं हो. आई म्हणाली, घर समोरच आहे, मुलगी जरा कामात आहे, येईलच हात धुऊन. मग तिने मुलाचं गाव विचारलं.

"गिरगाव," दुर्गाआत्या म्हणाल्या.

"नाही, मूळ गाव?"

"तेच. त्याच्या मागे आम्हाला काही माहीत नाही."

मी खालून आईच्या चपलेला पान्हा टोचला. आईने पाय बाजूला घेतला आणि आणखी पोहे वाढले. विहंग वर पोहे खात होता. एवढं रामायण चाललंय आणि हा माणूस तोंडातून शब्द काढत नव्हता. तेवढ्यात आईने विचारलं की एवढ्या सगळ्या मालवणला जाणार, तर राहायची सोय झाली का. देविकाताई हसल्या.

"आम्ही कुठल्या जातोय? मला घाटात गाडी लागते. मी पनवेलच्या पुढे गेलेली नाही. आणि ह्या आमच्या वन्सं तर लिफ्टमध्येसुद्धा घाबरतात."

मी तशीच उताणी पडून राहिले. म्हणजे आई नाही, आत्या नाही. मग दोनदा घासून काढलेले ते टाके... हसू दाबायला मी ग्रीसचा हात तोंडावर ठेवला. आणि नेमक्या त्याच वेळी दुर्गाआत्यांनी पोह्यांची तारीफ करत सांगून टाकलं, "आता दादरला मुलगी बघायला चाललोय ना विहंगसाठी. तिथेही पोहेच असतील, पण ह्यांची सर येणार नाही. हा म्हणाला वाटेत पाच मिनिटं माप द्यायला थांबू, म्हणून थांबलो."

आईच्या ठेवणीतल्या चपला एक पाऊल मागे सरकल्या. ते मला सगळ्यात जास्त लागलं. स्वतःचं दुःख मी रात्री निवांत केलं असतं, पण आईने बशी हातात धरून तिथे उभं राहावं हे मला बघवेना.

मी बाहेर आले. नाकाला ग्रीस, केसांत माती. विहंगच्या खिडकीपाशी गेले.

"हुक आज पक्का होणार. कोण येतंय ते एकदा खरं सांग. काकू येत नाहीत, आत्या येत नाहीत. मग मला खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तू एकट्याचं माप घेऊन हुक पक्का केला असतास," तो म्हणाला. "मग मी परत कशाला आलो असतो?"

गॅलरीतून राधाबाई जवळजवळ खाली पडल्या. देविकाताईंचा चमचा बशीत राहिला.

"आणि दादर?" मी विचारलं.

"दादरला मी नाही म्हणूनच सांगणार होतो. पण आधी इथे विचारायचं होतं. गेले तीन आठवडे विचारतोय... तोंडातून वारा आणि शीडच निघतं."

"मग एकट्याचं माप पक्कं करू?"

"एकट्याचं नको." तो गाडीतून उतरला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "दोघांचं कर."

"दुसऱ्या माणसाचं वजन लागेल."

"ते मी कसं सांगणार? तू सांग."

मी बाबांकडे पाहिलं तर ते वेल्डिंगची काच उगाच पुसत होते. आईने हातातली बशी स्वतःच खायला घेतली होती. देविकाताई सावकाश गाडीतून उतरल्या. माझा ग्रीसने भरलेला अवतार त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळला, आणि मला वाटलं, संपलं.

"तुला घाटात गाडी लागते का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बस पुढे," त्या म्हणाल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या.

दुर्गाआत्याही उतरल्या आणि फोनवर त्यांनी विहंगच्या वडिलांना, जे परस्पर दादरला पोहोचले होते, कळवलं की गाडीचं काम निघालंय, मुलीकडच्यांची नीट माफी माग आणि तिथेच जेव. मग त्यांनी आईकडे आणखी पोहे मागितले.

मी पुढच्या सीटवर बसले, विहंग पुन्हा स्टिअरिंगवर. बाबा टेप घेऊन खाली वाकले आणि त्यांनी शास्त्राप्रमाणे माझं वजन विचारलं. मी सांगितलं. आकडा इथे लिहिण्याचं कारण नाही.

"दोन किलो कमी सांगलंस," बाबा गाडीखालून म्हणाले. "खरां सांग गो, हुकाचो प्रश्न आसा."

विहंग हसत सुटला. मी खरा आकडा सांगितला, तरी तो हसतच होता. मग त्याने शेजारून हात पुढे करून माझ्या नाकावरचं ग्रीस पुसायचा प्रयत्न केला आणि ते गालभर पसरवून ठेवलं.

"बसला बरोबर," बाबा म्हणाले. "करूं पक्को?"

"थांबा हो," दुर्गाआत्या भरल्या तोंडाने म्हणाल्या. "एवढ्यात पक्कं नका करू. आज दोघंच आहेत."

गल्ली हसली. आई पदराआड हसली. बाबांनी वेल्डिंगची काच बाजूला ठेवली, ड्रिल मशीन काढलं आणि उभ्या पट्टीला ओळीने भोकं पाडायला बसले, म्हणजे बोल्ट काढून गोळा हवा तेवढा वर-खाली करता येईल, कितीही माणसं वाढली तरी.

"ही भोकां पयल्याच दिवशी पाडूक व्हयी होती," ते पुटपुटले.

बघायला खाली उतरलेल्या विहंगचं हसू थांबलं. भोकांकडे पाहून तो माझ्या खिडकीशी आला.

"म्हणजे हे आधीच जमलं असतं? दोनदा घासून काढायची गरज नव्हती?"

जमलं असतं. माझ्या मेकॅनिकलच्या डिप्लोमाला दुसऱ्याच वर्षी शिकवलं होतं ते.

"पण मग तू परत कशाला आला असतास?" मी म्हटलं आणि खिडकीची काच वर केली.