डोईवरचा झेड ड्राइव्ह

बुधवारी सकाळी दीपमाला गजभियेंच्या जिन्यावरून एक बाई वर आली, ती डोक्यावर कॉम्प्युटरचा डबा घेऊन. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, नुसता डबा. खाली चुंबळ, वरून धुतलेल्या लुगड्याचा तुकडा गाठ मारून बांधलेला.

"ह्याच्यात चोरी झाली जी," ती म्हणाली. "डबा हाय, पण आतलं गेलं."

भंडाऱ्यात खाजगी तपासाचा धंदा चालवायचा म्हणजे लग्नाआधीच्या चौकशा आणि हरवलेल्या मोटारसायकली. डोक्यावरून आलेलं प्रकरण दीपमालांनीही प्रथमच पाहिलं. त्यांचे सहकारी लिलाधरभाऊ बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्यांनी सवयीने बाईला बसायला खिडकीची जागा दिली.

बाईचं नाव कुंताबाई. सानगडीच्या ढिवर बायकांच्या मासेमारी गटाची अध्यक्ष. सात वर्षं या बायका तलावातल्या प्रत्येक माशाची आणि वनस्पतीची नोंद ठेवत होत्या. दाडक, मरळ, बोटरी कुठे सापडले, गाद आणि चिला कुठे उगवले, सगळं फोटोंसकट.

"परवा शुक्रवारी ग्रामसभा हाय," कुंताबाई म्हणाल्या. "तलाव आमच्या हाती ठेवायचा का ठेकेदार खेमराजले द्यायचा, ते ठरते. तो सारं गवत उपटून बाहेरच्या माशाचं बीज टाकनार. आमचे मासे मरतीन. नोंदी दाखवल्या त तलाव आमचा. नाई त आमी नुसत्या बोंबलनाऱ्या बायका."

"कागदावर नाहीत नोंदी?"

"वही भिजली म्हणून त हा डबा घेतला. सारं झेडमंदी होतं."

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांनी स्वतः ग्रामसेवकांना झेड ड्राइव्हवरचे फोटो दाखवले होते. मंगळवारी सकाळी दहाला कॉम्प्युटर सुरू केला, तर झेड रिकामा.

"मधल्या वेळात डबा कुठे होता?"

"माह्या घरी, धानाच्या कोठीजवळ. गटाची वही अध्यक्षाच्या घरीच झोपते, ही आमची रीत हाय. वही गेली, डबा आला, म्हणून रीत थोडीच बदलते? मॉनिटर-वायरी हपिसात, डबा माह्या डोस्क्यावर. सात वर्षं, रोज."

बोलताना त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. मनगट वाकडं जुळलं होतं.

"हे कशाने?"

"पावसात तलावाच्या पाळीवर घसरली. हात मोडला, पण डबा नाई सोडला." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला.

दुपारी दोघं सानगडीत पोचले. गटाचं ऑफिस म्हणजे एक खोली, टेबल आणि जाळ्यांचा ढीग. कॉम्प्युटर चालवणारी डिंपल चार महिन्यांपूर्वीच कामाला लागली होती, आणि आधीच वैतागली होती.

"रोज वायरी जोडा, रोज काढा. माझी बोटं गेली, म्याडम. कालपासून सगळ्या बायका माह्याकडंच पाहून राहिल्या. म्या कायले पुसीन?"

"हटवलेल्या फाइली शोधल्या?"

"रिसायकल बिन पाहिला. रिकामा. मंजे गेलंच ना सारं?"

"झेड म्हणजे नेमकं काय, माहीत आहे?"

"जसा सी, जसा डी, तसा झेड. डब्यातलाच एक कप्पा." डिंपल जरा थांबली. "पण लहरी हाय. नेट गेलं का झेड बी रुसते. सी-डी नाई रुसत."

दीपमालांनी मान डोलावली. "ही मांडणी कोणी केली?"

"ज्योत्सनाताईनं. मावशीची भाची. पासवर्ड तिले मालूम हाय आन् मले."

लिलाधरभाऊ बाहेर येताच कुजबुजले, "मामला साफ आहे. पासवर्ड हिच्याकडे, वैताग हिलाच. पोरगीनेच पुसलं."

"लिलाधरभाऊ, तिकीट फाडायच्या आधी प्रवासी कुठे चढला ते तरी विचारा."

ज्योत्सना लाखांदूरला दिलेली. तिचा नवरा तिथेच खेमराजच्या ऑफिसात कामाला होता. गुरुवारी सकाळी दोघं आधी खेमराजकडेच गेले.

खेमराज गोड बोलणारा माणूस. चहा आला, बिस्किटं आली.

"कुंताबाई माह्या मायसारखी हाय. म्या कायले तिचं बिघडवू? आन् मले त माऊस बी धरता येत नाई. हा कॉम्प्युटर आमचा जावई चालवते, सानगडीचा जावई. चाबी बी त्याच्याकडंच. मंगळवारी सकाळी म्या पवनीले होतो, इचारा कोणालेबी."

जावई, म्हणजे ज्योत्सनाचा नवरा, समोरच बसला होता. त्याच्या स्क्रीनवर ड्राइव्हांची रांग उघडी होती: सी, डी, ई आणि शेवटी चौथा, त्याच्यावर लाल फुली. दीपमालांची नजर तिकडे जाताच त्याने खिडकी बंद केली.

"मंगळवारी तुम्हीच ऑफिस उघडलंत?"

"हो. नऊ वाजता. बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिले बसवलं आन् म्या बँकेत गेलो." मग उगाच पुढे म्हणाला, "दहा वाजता वापस आलो."

ज्योत्सनाचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तिने दारातच डोळे पुसले.

"मावशीनं मले पोटच्या पोरीसारखं वाढवलं. माय मेली तवा म्या तीन वर्षांची होती. मासे इकून मले कॉम्प्युटर शिकवला. एफ ड्राइव्ह रिकामा झाला म्हणून फोन आला तवापासून घास गोड नाई लागला."

"तुम्ही शेवटचा कधी उघडलात तो?"

"लग्नाआधी. दोन वर्षं झाली. माह्याजवळ आता लॅपटॉप बी नाई."

परतताना लिलाधरभाऊ हळवे झाले. "बिचारी. मला वाटतं खेमराजनेच कोणाला तरी पाठवून डबा उघडला."

"डबा उघडला असता तर तो नेला असता, भाऊ. ज्याला वाटतं सगळं डब्यात आहे, तो डबाच चोरतो."

लिलाधरभाऊंनी यावर विचार केला आणि काही न कळल्याची मान हलवली.

दुपारी चारला दीपमालांच्या निरोपावरून सानगडीच्या ऑफिसात सगळे जमले. खेमराज तोऱ्यात खुर्चीवर, ज्योत्सना कुंताबाईंच्या शेजारी, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून. डबा टेबलावर जोडलेला.

"डब्यापासून सुरू करू," दीपमाला म्हणाल्या. "सोमवारी पाचपर्यंत फोटो होते. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दहापर्यंत डबा कुंताबाईंच्या घरी, वायरीशिवाय. म्हणजे या डब्यावरून काहीच पुसलं जाऊ शकत नाही. तरी पुसलं गेलं."

"जादूटोणा," लिलाधरभाऊ पुटपुटले.

"नेट. डिंपल म्हणाली, नेट गेलं की झेड रुसतो. कारण झेड या डब्यात नाहीच. फोटो दूर कुठल्यातरी कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेले आहेत. इथे फक्त त्यांची वाट जोडून तिला झेड नाव दिलं, म्हणजे घरातल्या कपाटासारखं उघडता यावं. तलाव एकच, पण उतरायचे घाट कितीही करता येतात. पासवर्ड असेल त्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुसरा घाट बांधायचा."

कुंताबाई डब्याकडे पाहत राहिल्या.

"पासवर्ड दोघींकडे. डिंपल झेडला डब्यातला कप्पा समजते, म्हणून तिने हटवलेलं डब्याच्याच कचरापेटीत शोधलं. दुसरा घाट असतो हेच तिला माहीत नाही. राहिली एक."

ज्योत्सनाने खांद्यावरून डोकं उचललं.

"सकाळी तुम्ही 'एफ ड्राइव्ह रिकामा झाला' म्हणालात. इथे सगळे झेड म्हणतात, तुम्हीच तसं नाव दिलंत. अक्षर ज्या त्या कॉम्प्युटरचं असतं. तुमच्या नवऱ्याच्या टेबलावर सी, डी, ई आहेत. त्यांच्यापुढे चौथा होता, फुली मारलेला, म्हणजे जोडून मग तोडलेला. ईनंतरचं अक्षर कोणतं, लिलाधरभाऊ?"

"एफ," लिलाधरभाऊ म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना सगळं कळलं.

दीपमालांनी डिंपलकडून पासवर्ड टाकून घेतला आणि त्या दूरच्या साठ्याची स्वतःची कचरापेटी उघडली. तीन हजारांवर फोटो तिथे पडले होते. समोर वेळ: मंगळवार, सकाळी नऊ वीस. "नवरा बँकेत, मालक पवनीला, जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको एकटी." त्यांनी एक बटण दाबलं. फोटो एकेक करून परतू लागले. पहिला आला तो मरळीचा, तिला धरलेला कुंताबाईंचा हात त्यात दिसत होता.

खेमराज घाईने म्हणाला, "म्या फक्त म्हटलं, तलाव भेटला त जावयाले नोकरीत पक्का करीन. पुसा म्हणून नाई म्हटलं."

"म्हणायले कायले लागते," ज्योत्सना ओरडली, आणि रडू लागली. "मावशी, माह्या नवऱ्याची नोकरी जाऊन राहिली होती. पण म्या कचरापेटी रिकामी नाई केली. हात नाई चालला."

कुंताबाईंनी ते बाजूला सारलं. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं.

"डब्यात काही नाई, हे तुले मालूम होतं?"

"...हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, मावशी."

"माहा हात मोडला तवा हळद तूच लावत होतीस. तवा बी नाई सांगितलं?"

"सांगनार होती. पन बायका तुले हसतीन म्हणून... मंग लग्न झालं, नवऱ्याले सांगितलं. आमी घरी हसलो. मंग सांगाचं राहूनच गेलं."

कुंताबाईंचा आवाज अगदी साधा होता.

"पुसलं ते समजते मले. नवऱ्याची नोकरी हाय, पोट हाय. तुमी दोघं हसले ते नाई समजत."

संध्याकाळ झाली. सवयीने कुंताबाईंनी चुंबळ उचलली, डोक्यावर ठेवली, डब्याकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. चुंबळ त्यांनी जाळ्यांच्या ढिगावर टाकली.

"उद्या सभेत फोटो दाखवाचे हाय," त्या डिंपलला म्हणाल्या. "पासवर्ड बदलव."

"काय ठेवू मावशी?"

"सांगत नाई. म्याच टाकते."

त्या खुर्चीवर बसल्या. कीबोर्डवरची अक्षरं त्यांना ज्योत्सनानेच एकेक करून शिकवली होती, लग्नाआधी, याच टेबलापाशी, हसतखेळत. वाकड्या हाताचं एक बोट त्यांनी पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि थांबल्या. दीपमाला भिंतीकडे वळल्या. लिलाधरभाऊ, डिंपल, खेमराजसुद्धा वळला. एकटी ज्योत्सना, इतक्या वर्षांच्या सवयीने, मावशीचं बोट चुकेल म्हणून बघत उभी राहिली.

"ज्योत्सने," कुंताबाई म्हणाल्या, "तोंड फिरव."