साडूचं यंत्र

लाईट कधी येतील हे वीजवाल्यांनाही ठाऊक नसतं, तेव्हा खिडकीत माना घालून बसू नका. इकडे या. मेणबत्ती आहे तिथेच असू द्या. सांगतोय ती गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. ज्याच्यावर बेतली तो माणूस माझ्या शेजारच्या गाळ्यात बसायचा, आणि दुपारचा चहा आम्ही एकाच किटलीतला प्यायचो. खोटं बोलायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्याकडे नव्हती.

त्याला सगळे घड्याळजीच म्हणत. टीचभर दुकान, डोळ्याला भिंग, दिवसभर खाली मान. असा माणूस सुट्टीच्या दिवशी झोपा काढत असेल, असं तुम्हाला वाटेल. पण हा आणि याचा साडू, दोघे मिळून डोंगर पालथे घालायचे. साडू लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. त्यानेच ते जिओकॅशिंगचं खूळ घरात आणलं. खेळ असा की कुणीतरी रानात, दगडाखाली किंवा झाडाच्या ढोलीत, एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी ते आकडे जीपीएसच्या यंत्रात भरायचे, डबा हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून घरी यायचं. मिळत काही नाही. घड्याळजीची बायको म्हणायची, "घरातला चष्मा सापडत नाही दोघांना, आणि निघाले रानातले डबे शोधायला."

फोनवर होतं की मामा, असं म्हणू नकोस तू, तुझं तोंड उघडलेलं दिसतंय मला. कड्याखाली फोन गांगरतो. यंत्रसुद्धा गांगरतं, आणि छातीठोकपणे भलतीच जागा दाखवतं. म्हणून हे दोघे दोन यंत्रं न्यायचे, तीही दोन वेगळ्या कंपन्यांची. डबा जवळ आला की एका पक्क्या जागी थांबून आकडे ताडून बघायचे. दोन्ही यंत्रं जुळली तरच पुढे जायचं. आणि पुढे जायचा तो साडू. घड्याळजीचे गुडघे कामातून गेलेले, त्यातून स्वभाव भित्रा. तो आपलं यंत्र धरून तिथेच उभा राहायचा, म्हणजे गेलेल्याला परत यायला एक जागा राहते. जाताना साडू दर वेळी म्हणायचा, "हलू नको. मी आलोच."

मग एक दिवस साडू गेला. रात्रीची ड्युटी करून आला, आंघोळ केली, जरा पडतो म्हणाला, तो उठलाच नाही.

तेराव्या-चौदाव्या दिवशी कधीतरी मेहुणीने साडूचं यंत्र घड्याळजीच्या हातात ठेवलं. "दोन लागतात ना तुम्हाला, भावजी. कपाटात ठेवून मी काय करू?" तेव्हापासून हा एकटाच जायचा, दोन हातांत दोन यंत्रं घेऊन. या खेळातली पोरं चेष्टा करायची. "घड्याळजी, घड्याळंही दोन बांधता का हो?" हा नुसता हसायचा. दुसरं यंत्र घरी ठेवून निघालं की त्याला साडूला घरी ठेवून निघाल्यासारखं वाटायचं. पुढेपुढे जाणंही कमी झालं. माणूस दमला होता. कामाने नव्हे, कामाने आपण सगळेच दमतो. दुकान उघडायचं, बंद करायचं, जेवायचं, झोपायचं, एवढ्यानेच तो दमायचा.

साडूने जन्मात एकच डबा स्वतः लपवला होता, खाणीच्या टेकडीवर. ती टेकडी खाणवाल्याने विकत घेतली आणि मार्चअखेरच्या सोमवारपासून तारेचं कुंपण पडणार असं कळलं. मेहुणी म्हणाली, "भावजी, तेवढा डबा आणून द्याल? चल म्हणायचे ते मला. मी म्हणायचे, मला घरात कामं आहेत. एकदासुद्धा गेले नाही बघा. आता त्यांच्या हातचं म्हणावं असं घरात काही उरलं नाही."

आणतो, म्हणाला. आणि रविवारमागून रविवार टाळत राहिला. शेवटी टाळायला एकही रविवार उरला नाही.

मार्चमधला शेवटचा रविवार तो. दिवसभर अंथरुणात लोळून, स्वतःला शिव्या घालून, हा निघाला तोवर अंधार पडला होता. चंद्र उशिरा उगवणार होता. खाणीच्या वजनकाट्यापाशी त्याने स्कूटर लावली. काट्याच्या खोलीला कुलूप, आसपास चिटपाखरू नाही. टॉर्च घेतला, यंत्रं चालू केली आणि पायवाटेला लागला. अलीकडून टेकडी होती तशीच होती. तेच बोरीचं जाळं, तीच घसरण. दर वळणावर थांबत, गुडघे चोळत तो वर पोचला. तिथे एक सपाट खडक होता. त्यांची नेहमीची पक्की जागा.

दोन्ही यंत्रं त्याने समोर धरली. उजव्या हातात स्वतःचं, डाव्या हातात साडूचं. दोन्हींचे बाण समोर. दोन्हींवर आकडा एकच. चाळीस मीटर.

जुळली होती. आता फक्त चालायचं होतं.

पण पाय उचलेना. टॉर्च विझवून तो खडकावर बसला. पडद्यांचा तेवढा उजेड होता. वारा नव्हता. गळून गेलेला माणूस बोलून जातो ना काहीबाही, तसं तो बोलून गेला.

"आज तूच जा बाबा, साडू. माझ्यात दम नाही."

आणि स्वतःशीच हसला.

डाव्या हातातला आकडा हलला.

एकोणचाळीस. सदतीस.

त्याला वाटलं, यंत्र स्थिरावतंय. होतं असं. त्याने उजवीकडे पाहिलं. चाळीस. तो तर बसलेलाच होता... दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून.

बत्तीस.

तीस.

मग थांबला आकडा. जरा वेळाने पुन्हा निघाला. चार पावलं चालायचं, थांबून अदमास घ्यायचा, पुन्हा चालायचं. ही चाल त्याच्या ओळखीची होती. किती वर्षं याच खडकासारख्या खडकांवर उभं राहून त्याने ती पाठमोरी पाहिली होती.

अठरा.

समोर काळोख. पावलांचा आवाज नाही. काटकी मोडल्याचा नाही.

नऊ...

चार...

यंत्र वाजलं. जागेवर पोचलं की वाजतं तसं. एवढासा तो आवाज, पण घड्याळजीला घाम फुटला. यंत्र टाकून पळावं असं वाटलं. बोटं सुटेनात.

शून्य.

बराच वेळ शून्य. कुणीतरी खाली वाकून दगड बाजूला करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा.

मग... एक. पाच. अकरा.

परत येत होतं.

उजव्या हातात चाळीस. डाव्या हातात वीस... सव्वीस... तेहतीस. घड्याळजीने डोळे मिटले. हलू नको, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं होतं. तो हलला नाही.

डोळे उघडले तेव्हा दोन्ही पडद्यांवर चाळीस होतं.

"साडू...?"

काही नाही.

कितीतरी वेळाने त्याने टॉर्च लावला आणि समोर धरला. खडकापुढे सातआठ पावलं गवत होतं. त्यापुढे काहीच नव्हतं. पलीकडच्या बाजूने खाणीने टेकडी पोखरत आणली होती. ताजा, पांढरा, सरळ तुटलेला कडा. उजेड खाली सोडला तर तळ दिसेना. दोन्ही बाण त्या पोकळीकडे रोखलेले. डबा ज्या जागी होता ती जागा हवेत होती. आणि तुम्ही या खेळातल्या लोकांना चालताना पाहिलंय का? नजर यंत्रावर, पाय आपले पुढे. तो खडकावर बसला नसता, तर ही गोष्ट मला कळलीच नसती.

तो कसा उतरला, स्कूटर कशी चालवली, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. एवढंच आठवतं की उतरताना त्याला रडू येत होतं. भीतीने नव्हे. एक डबा आणून दे म्हणाली होती ती, तोही आपल्याच्याने झाला नाही. आळसापायी घालवला. घरी तोंड लपवून निजण्यापेक्षा सांगून मोकळं व्हावं, म्हणून तो तसाच मेहुणीकडे गेला. दार उघडंच होतं. ती जेवायच्या टेबलापाशी बसली होती.

"अगं, मला क्षमा कर," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "डबा..."

"मिळाला ना," ती म्हणाली. "पण असं काय भावजी, उंबऱ्याशी ठेवून तसेच निघून गेलात? कडी वाजली म्हणून मी धावत आले, तर कुणीच नाही."

टेबलावर डबा होता. निळ्या झाकणाचा. साडूचा.

घड्याळजी खुर्ची ओढून बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली. चुरगळलेला शर्ट, हातांत अजून तशीच धरलेली दोन यंत्रं... तिचा चेहरा हळूहळू बदलला.

त्यालाही वर्ष झालं. डबा अजून त्या घरात आहे. मी जाऊन पाहिलाय. झाकणावर खाणीतली पांढरी भुकटी बसली आहे आणि त्या भुकटीत चार बोटं आणि अंगठा उमटला आहे, डबा घट्ट धरून आणल्यासारखा. घड्याळजीने त्याच रात्री आपला हात त्यावर धरून पाहिला. त्याचा हात लहान पडला. मग मेहुणीने झाकणावर काचेचं भांडं पालथं घातलं, भुकटी उडू नये म्हणून, आणि दाराकडे गेली. घड्याळजीला वाटलं, आता कडी लावेल.

तिने दार आणखी थोडं उघडलं.