नहरीतली बेगम

"पळ, बेगम, पळ!" गौहर ओरडली.

बद्रीने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "हळू की! नानांनी ऐकलं तर कुत्री आपल्यामागं लावतील!"

तिन्ही मुले हर्सूलच्या माळावर एका पडक्या भिंतीआड पालथी पडली होती. बद्री फुलंब्रीचा. मे महिन्याच्या सुट्टीत तो आजोळी आला होता. चतुरा त्याची मामेबहीण, आणि गौहर चतुराची शेजारीण. 'बेगम' हे नाव गौहरनेच एका खोकडाला ठेवले होते. कोल्ह्याहून लहान, भुरकट, शेपटीचे टोक काळेभोर असे ते खोकड या वेळी माळावरून पळत होते. पळत कसले, सकाळचे फिरायला निघाले होते!

मागे तूफान आणि बिजली ही दोन उंच, सडपातळ कारवानी कुत्री जिभा लोंबवत धावत होती. आणि त्यांच्याही बऱ्याच मागे, एका हातात काठी अन् दुसऱ्या हातात टोपी धरून, धापा टाकत येत होते नाना!

नाना म्हणजे बद्री आणि चतुराचे आजोबा. निजामाच्या काळात ते कोर्टात पेशकार होते. जन्मभर कागदांत मान घातलेल्या नानांना नोकरी सुटल्यावर एकदम शिकारीचा नाद लागला. घरातली बंदूक पोलीस ॲक्शननंतर सरकारजमा झाली होती. म्हणून त्यांनी ही दोन कुत्री आणली, गुडघ्यापर्यंतचे बूट शिवून घेतले आणि गळ्यात शिट्टी अडकवली. शिकार मात्र अजून एकही झाली नव्हती.

"बघ, बघ! शेळ्यांत घुसली!" चतुरा कुजबुजली.

बेगम सरळ शेळ्यांच्या कळपातून निघून गेली. कुत्री कळपात शिरली आणि गोंधळली. जिकडे तिकडे शेळ्यांचाच वास! त्यात एका दाढीवाल्या बोकडाने तूफानला असा दणका दिला, की तो केकाटत बाहेर आला. तोवर बेगम पलीकडच्या दगडावर बसून मागच्या पायाने कान खाजवत होती.

"अगं, ती वाट बघतेय त्यांची!" बद्रीला हसू आवरेना.

कुत्री जवळ आली, अगदी जवळ आली, आणि बेगमने एकदम वळण घेतले. कुत्र्यांना काही थांबता येईना. ती तशीच पुढे गेली आणि समोरून येणाऱ्या नानांवर आदळली!

"अरे, मी नाही! खोकड तिकडं! तिकडं!" बोरीच्या काटेरी झुडपात बसून नाना ओरडत होते.

तिकडे बेगम जमिनीतल्या एका फटीत शिरून नाहीशी झाली. पूर्वी हर्सूलकडून शहराला पाणी नेणारी नहर याच माळाखालून जात असे. तिचा हा फाटा कधीच कोरडा पडला होता. ती फट खोकडापुरतीच होती. लांब पायांची कुत्री बाहेर भुंकत राहिली.

घरी आल्यावर चतुराला एक विचित्र गोष्ट दिसली.

उपाशी कुत्रा जोरात पळतो, असा नानांचा नियम होता. म्हणून ते निघताना अंगणात पितळी परातीत दूध-भाकरी कुस्करून, वर दोन अख्ख्या भाकरी ठेवून जात. कुत्र्यांनी परत येऊन खायचे. आज कुत्री फाटकातून आत आली आणि परातीपाशी जाऊन नुसती उभी राहिली. परात लख्ख रिकामी!

नाना बुटांची नाडी सोडत म्हणाले, "वा! सपाटून खाल्लं बघा!" आणि न्हाणीघरात निघून गेले.

"बद्री," चतुरा हळूच म्हणाली, "कुत्री आत्ता आली. मग खाल्लं कुणी?"

बद्री परातीवर वाकून बघू लागला. कुत्री अंगणातून कधी निघून गेली, ते कुणाच्याच लक्षात आले नाही. तेवढ्यात पलीकडच्या घरातून भागूबाईंचा आवाज आला.

"ओ पेशकारसाहेब! आजबी एक कोंबडी गेली माझी! परवा गेली, काल गेली, आजबी गेली! लई झालं आता!"

नाना ओल्या अंगाने, पंचा गुंडाळून बाहेर आले. "भागूबाई, हे त्या खोकडाचंच काम! तुम्ही काळजी करू नका. उद्या बाजारातून सुक्या मिरच्या आणतो आणि परवा सकाळी नहरीच्या तोंडाशी अशी धुरी देतो, की आतल्या आत गुदमरून मरेल!"

गौहरचा चेहरा उतरला. मुले मागच्या दारी आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "बेगम नेहमी तोंडात काहीतरी घेऊन आत जाते. मैंने देखा है. आत तिची पिल्लं असतील. तीपण मरतील ना?"

"नाही मरणार," चतुरा म्हणाली. "पण आपल्याकडं एकच दिवस आहे. बद्री, चुलीतली राख आण!"

दुसऱ्या दिवशी नाना बूट चढवत होते, तेव्हा मुलांनी परातीभोवती बारीक चाळलेली राख पसरली. मग नेहमीप्रमाणे सगळे माळावर गेले. नेहमीप्रमाणे बेगम पुढे, कुत्री मागे आणि नाना काट्यांत! बेगम फटीत शिरताच मुले धावत घरी आली.

राखेत छोट्या पावलांचे ठसे उमटले होते. परातीपर्यंत येणारे आणि परत जाणारे. ते थेट अंगणातल्या कोरड्या हौदाकडे गेले होते! हौदाच्या तळाशी हातभर रुंद दगडी पाटाचे तोंड होते. एके काळी त्यातून नहरीचे पाणी यायचे.

"म्हणजे कुत्री तिकडं फटीवर भुंकतात," बद्री थक्क होऊन म्हणाला, "आणि ही इकडं येऊन त्यांचीच न्याहारी खाते?"

"शू!" गौहरने पाटाच्या तोंडाला कान लावला. आतून बारीक कुईकुई ऐकू येत होती. "हौ! पिल्लं आहेत!"

"पण मग कोंबड्या कोण खातं?" बद्रीने विचारले.

त्याचे उत्तर दुपारी तूफानच्या गळपट्ट्यात अडकलेले सापडले. एक तांबडे पीस!

मुले ते पीस घेऊन नानांकडे धावली. नानांनी सगळे ऐकून घेतले आणि पोट धरून हसले. मग एकदम डोळे वटारले. "माझी कुत्री खानदानी आहेत! ती चोरी करणार? वाऱ्यानं उडालं असेल पीस. मी ज्या दिवशी डोळ्यांनी बघेन, त्या दिवशी खरं मानेन. समजलं?"

"समजलं, नाना," चतुरा फारच गरिबीने म्हणाली. तिचे लक्ष नानांच्या बुटांकडे होते.

सकाळी घरात आरडाओरडा सुरू झाला.

"माझे बूट कुठं आहेत? इथंच काढले होते!"

"कुत्र्यांनी नेले असतील," बद्री म्हणाला.

"खानदानी कुत्री बूट नेत नाहीत!" नाना गरजले. त्यांनी खाट उलटी केली, कोनाडे पाहिले, पाण्याच्या रांजणातही डोकावले. ज्वारीच्या कणगीत बघायचे मात्र त्यांना सुचले नाही. मिरच्यांचे पोते दाराशी तयार होते. पण माळावर काटे, आणि पायांत काही नाही!

"नाना, मी कुत्री घेऊन पुढं जातो," बद्री म्हणाला. "बूट सापडले की तुम्ही मिरच्या घेऊन या."

तो गेला. नाना ओसरीवर अनवाणी बसून कुरकुरू लागले. चतुरा एका बाजूला आणि गौहर दुसऱ्या बाजूला बसली.

"नाना, खरा शिकारी अजिबात आवाज करत नाही ना?" चतुराने विचारले.

"अजिबात नाही!" म्हणून नाना गप्प झाले.

थोड्या वेळाने हौदातून एक काळे नाक वर आले. मग दोन टोकदार कान. बेगमने उडी मारली, अंग झटकले आणि स्वतःचेच अंगण असल्यासारखी परातीपाशी आली. नानांचा हात शिट्टीकडे गेला. गौहरने त्यांची बाही घट्ट धरली.

बेगमने दूध संपवले. कुस्करा संपवला. मग एक अख्खी भाकरी तोंडात धरून तिने नानांकडे एकदा नीट पाहिले आणि हौदात उतरली. आतून लगेच कुईकुई आणि ओढाताणीचा आवाज आला. ती पुन्हा वर आली आणि दुसरी भाकरीही घेऊन गेली.

नानांचे तोंड उघडेच राहिले. "पिल्लं?" ते कसेबसे म्हणाले.

"हौ, नानासाहेब," गौहर म्हणाली. "त्यांनाच धुरी देणार होतात तुम्ही."

इतक्यात बद्री आणि कुत्री धापा टाकत आली. कुत्र्यांनी परात हुंगली. नुसते पितळ चाटले. या वेळी नाना रोज न्हाणीघरात असत. ते ओसरीच्या सावलीत बसले आहेत हे कुत्र्यांच्या लक्षातच आले नाही. बिजलीने इकडे तिकडे पाहिले आणि एका उडीत भिंतीपलीकडे गेली. तिच्यामागे तूफान!

पलीकडे एकच कलकलाट उडाला.

"आरं मेल्यांनो! सोड, सोड माझी कोंबडी!" भागूबाई ओरडत होत्या.

बिजली भिंतीवरून परत आली. तोंडात फडफडणारी तांबडी कोंबडी! समोर अनवाणी नाना उभे! बिजलीने जबडा उघडला, शेपूट पायांत घातली आणि खाली बसली. कोंबडी शिव्या दिल्यासारखी ओरडत थेट नानांच्या खाटेवर चढली.

भागूबाई हातात खराटा घेऊन फाटकातून आल्या. त्यांनी कुत्र्यांकडे पाहिले, मिरच्यांच्या पोत्याकडे पाहिले. "आता धुरी कुणाला द्यायची, पेशकारसाहेब?"

नानांनी मान खाली घातली.

"मला द्या, भागूबाई," ते म्हणाले. "रोज परात रिकामी बघत होतो, पण कुत्र्यांची पोटं कधी बघितली नाहीत. तुमच्या कोंबड्या मी भरून देईन. ह्या मिरच्याही घेऊन जा. वर्षभराचं तिखट होईल." मग ते मुलांकडे वळले. "मी एवढी वर्षं कोर्टात काढली, पण असा तपास एकाही अंमलदारानं केलेला पाहिला नाही. शाबास! पोरांनो, आज तुम्ही एका आईला वाचवलंत, आणि मला फार मोठ्या पापातून."

"लई गुणाची हायेत लेकरं!" भागूबाई म्हणाल्या आणि तिघांच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटे मोडली.

त्या संध्याकाळी कुत्र्यांना आधी पोटभर जेवायला घातले. मागच्या दारी बांधल्यावर ती घोरायलाही लागली. अंगणात नाना हौदाच्या काठाशी पालथे पडले होते आणि त्यांच्या शेजारी ओळीने तिन्ही मुले. पाटाच्या तोंडाशी दोन कान दिसले, मग आणखी दोन. एक पिल्लू लडखडत बाहेर आले आणि दुसऱ्याच्या शेपटीवर पडले.

"कितीशी आहेत बघ!" नाना कुजबुजले.

भिंतीवरून भागूबाईंनी डोकावले. "काय पेशकारसाहेब, घावली का शिकार?"

नानांनी वर न बघताच ओठांवर बोट ठेवले. "हळू बोला, भागूबाई! पोरं बिचकतील!"